कार्बन, केआरए आणि हेमलकसा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक नियम पहिल्या अप्रेझललाच कळतो. जे मोजलं जातं तेच केलं जातं. टेस्टरला बगच्या संख्येवर रेटिंग दिलं की स्पेलिंगच्या चुकांचेसुद्धा वेगवेगळे पंचवीस बग पडतात. डेव्हलपरला बंद केलेल्या बगवर मार्क दिले की तो सोपे आधी उरकतो आणि खरा अवघड बग तीन रिलीज तसाच लोळत पडतो. दोघंही वाईट माणसं नाहीत. नियमच तसा आहे.

पण कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की आपण हे सगळं विसरतो आणि एकदम कीर्तनात शिरतो. "उद्योगपतींची मानसिकता बदलायला हवी", "निसर्गाबद्दल प्रेम हवं" वगैरे वगैरे. अहो, घोड्याने गवताशी दोस्ती केली तर तो खाणार काय? कंपनीला मन नसतं, ताळेबंद असतो. तेव्हा मानसिकता राहू द्या बाजूला, आधी केआरए दाखवा.

हवेत बोलत नाही, उदाहरण देतो. क्योटो करार २००५ मध्ये लागू झाला आणि कार्बन क्रेडिटचा बाजार सुरू झाला. फ्रीज-एसीत लागणारा आर-२२ वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू आपोआप तयार होतो. त्या करारातल्या हिशेबाप्रमाणे हा कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापदायक. तो जाळून टाकायला खर्च किरकोळ, पण त्यावर मिळणारी क्रेडिट्स भरमसाट. भारत आणि चीनमधल्या कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यातच जास्त कमाई दिसू लागली. म्हणजे कचरा जितका जास्त तितका फायदा! शेवटी युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट्स घेणंच बंद केलं. आणि गंमत बघा, ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आदेश काढला की हा वायू आपापल्या खर्चाने जाळा. क्रेडिट नाही, बक्षीस नाही. जे काम साध्या हुकुमाने होण्यासारखं होतं, त्यासाठी जगाने इतकी वर्षं पैसे मोजले.

आता आपल्या विदर्भात या. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. सिमेंटचा मुख्य कार्बन क्लिंकरमधून येतो, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच बाहेर पडतो. वीज केंद्राची राख मिसळली की क्लिंकर कमी लागतं. पीपीसी सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. कारखान्यांनी ती मिसळली ती पृथ्वीच्या प्रेमापोटी नव्हे. राख क्लिंकरपेक्षा स्वस्त पडते म्हणून. कार्बन कमी झाला, नफा वाढला, कोणालाही प्रवचन द्यावं लागलं नाही. गणित बरोबर बसलं की असं होतं.

आणि फसलं की काय होतं? २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये तो पैसा जीएसटीच्या भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकायला वाढ वाटते. पण टक्क्यांचा कर किमतीवर बसतो, वजनावर नाही. त्यामुळे स्वस्त, हलक्या कोळशावरचा एकूण कर उलट कमीच झाला. जास्त राखेचा, कमी उष्णतेचा कोळसाच जास्त परवडायला लागला तर दोष कुणाला द्यायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद उद्योगांसाठी उत्सर्जनाची उद्दिष्टं जाहीर झाली. चांगली सुरुवात आहे, नाकारत नाही. पण उद्दिष्ट आहे ते दर टन मालामागे. समजा एक कारखाना १० लाख टन माल बनवतो आणि टनामागे २ टन कार्बन सोडतो. उद्या त्याने १.८ टनांवर आणलं आणि उत्पादन दुप्पट केलं. एकूण उत्सर्जन २० लाख टनांवरून ३६ लाखांवर गेलं. त्याचं उद्दिष्ट १.९ असेल तर वर विकायला सर्टिफिकेटसुद्धा मिळणार. वातावरणाला सरासरी कळत नाही हो, त्याला बेरीज कळते.

आता हेमलकसा. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातलं हे गाव आपल्याला लोकबिरादरी प्रकल्पामुळे माहीत. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये तो सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, २००८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आपण तिथे सहलीला जातो, भारावून परत येतो, भिंतीवर फोटो लावतो. पण हिशेबाच्या वहीत त्या परिसराची किंमत काय? आजूबाजूचे माडिया पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलात राहिले, ते उभं राहिलं म्हणून त्यांच्या नावावर किती क्रेडिट जमा आहे? शून्य. बाजाराच्या भाषेत त्यांनी काही 'कमी' केलेलं नाही ना! आधी तोडलं असतं आणि मग लावलं असतं तर प्रोजेक्ट झाला असता.

शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज आहे. तिथल्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळवायला २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एक लाखाहून जास्त झाडं जाणार. बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं आणि वनमूल्य म्हणून पैसे भरणं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो पैसा जातो भरपाई वनीकरणाच्या निधीत, ग्रामसभेच्या खात्यात नाही. आणि आपल्या वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरावर दहा टक्के छत्र असलं की वनाच्छादन, मग तो साग-मोह असो की निलगिरीची रांग. मोजपट्टीच अशी असेल तर कंपनी निलगिरी लावेल. मीही लावीन.

"मग काय, रोजगार नको? पोलाद नको?" हवंय की. मी ज्या लॅपटॉपवर लिहितोय तो काही बांबूचा नाही. माझं म्हणणं एवढंच की खरी किंमत बिलात दिसू दे. ती दिसली की निर्णय आपोआप बदलतात, आणि त्याचा पुरावा याच जंगलात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला उत्पन्न सुरू झालं. मग ग्रामसभेने काय ठरवलं? तेंदूपत्ता तोडणं बंद! हातात येणारा पैसा सोडला, कारण तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि जंगल बिघडलं तर उद्याचं उत्पन्न आपलंच जाणार. कंत्राटदाराचं जंगल एका हंगामाचं असतं, गावाचं नातवापर्यंतचं. माणसं तीच होती, मालकी बदलली.

तेव्हा मागण्या तीन. एक, उद्दिष्ट दर टनाला नको, एकूण बेरजेवर मर्यादा हवी. दोन, कोळशावरचा कर किमतीवर नको, कार्बनवर हवा. तीन, जंगल उभं ठेवणाऱ्या ग्रामसभेला दरवर्षी थेट पैसे द्या, जंगल गेल्यावर एकदाच भरपाई नको.

आणि आपण? पुढच्या पाच जूनला ऑफिसात रोप हातात घेऊन फोटो काढायला बोलावतील तेव्हा जा, रोपाने काय घोडं मारलंय. फक्त तिथे उभ्या असलेल्या साहेबांना एक प्रश्न विचारा: सर, यंदाच्या तुमच्या व्हेरिएबल पेमध्ये विजेच्या बिलाचा आणि विमानप्रवासाचा वाटा किती टक्के आहे? उत्तर शून्य आलं, तर कंपनीचं हरित धोरण तुम्हाला कळलं.