कोठा आणि पागा

चंद्रपूरचा जटपुरा दरवाजा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना गोंड राजांच्या दगडी कामाविषयीं अधिक सांगावयास नको. चार दरवाजे, पांच खिडक्या आणि शहराभोंवतीं परकोट! दगड घडविणारे हात या प्रांतांत होते, हें उघड आहे. पण कोटाबाहेर पडून मूल, सिंदेवाही किंवा पलीकडे गडचिरोलीच्या खेड्यांत शिरावें, तों गुरांचा जुना निवारा दिसतो तो बहुधा लांकडाचा. सागाच्या मेढी, बांबूचे टट्टे, त्यांवर शेणमातीचा लेप आणि वर कौलें. आपण ज्यास गोठा म्हणतों, त्यास इकडे कोठा म्हणतात.

याचें कारण केवळ दारिद्र्य नव्हे. जंगल दाराशीं असतां दगड कोण वाहील? शिवाय टट्ट्यांतून वारा खेळतो, आणि उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या मुलुखांत तो लाभ लहान नाहीं. दगडी निवारा मिळे तो घोड्याला. घोडा म्हणजे लढाईचें साधन. तो चोरीस गेला तर स्वारीच खोळंबे. मालगुजारांच्या मोठ्या वाड्यांतूनही घोड्यांसाठीं व निवडक गुरांसाठीं पक्क्या भिंतींच्या ओवऱ्या असत. १९५१ सालीं मालगुजारी गेली, मागोमाग घोडेही गेले, आणि अनेक वाडे ओस पडले. कुणब्याचा बैल मात्र टट्ट्याआडच राहिला.

आतां हा टट्टा पुरेनासा झाला आहे. ताडोबाचें जंगल १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं अंधारी अभयारण्य झालें, आणि पुढें दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाढलेला वाघ नकाशावरील रेघ पाळीत नाहीं. बिबट्याला तर टट्टा म्हणजे केवळ पडदा. रात्रीं वासरूं हंबरलें कीं घरांतील माणूस दिवा घेऊन धांवतो. पहांटेच्या अंधारांत शेण काढावयास जाते ती बहुधा घरची बाई. कच्च्या कोठ्यापायीं धोक्यांत येतो तो केवळ जनावराचा जीव नव्हे. मारलेल्या गुराची भरपाई सरकार देतें. गेलेल्या माणसाची भरपाई कोणत्या पैशानें व्हावी?

पक्का कोठा बांधणें अवघड नाहीं. मात्र तो विचारानें बांधावा. भिंत दगडविटांची, थेट छपराला भिडलेली असावी. बिबट्याला अर्धी भिंत चढावयास वेळ लागत नाहीं. पण वारा कोंडला तर मुताच्या उग्र वाफेनें गुरें आजारी पडतात, म्हणून उंचावर झरोके ठेवून त्यांस मजबूत जाळी ठोकावी. जमिनीस गव्हाणीकडून मोरीकडे उतार द्यावा, आणि दाराला भक्कम अडसर असावा.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची वडिलार्जित शेती या भागांत असेल. पोळ्याला बैलांच्या झुलींसाठीं हौसेनें पैसे धाडणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं यंदा झुलीआधीं कोठ्याची भिंत पाहावी. वाड्यांतील जुनी दगडी पागा अजून उभी असेल, तर तिचे चिरे विकूं नयेत. वर छप्पर घालून तींत गुरें बांधूं द्यावीं. घोड्यासाठीं रचलेली भिंत बैलाच्या कामीं येईल, आणि बैलापाठोपाठ त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्याही.