किल्लीची जागा आणि वाहनाची गती

रस्त्यावर दिसणारी घाई पुष्कळदा घरातच जन्म घेते. सकाळचे पावणेदहा वाजलेले असतात आणि दुचाकीची किल्ली सापडत नाही. ती फडताळात नसते, देवघराजवळ नसते. अखेरीस कालच्या सदऱ्याच्या खिशात मिळते. तोवर तीन-चार मिनिटे गेलेली असतात. हेल्मेट कपाटाच्या वर ठेवलेले असते. ते काढण्यात आणखी वेळ जाईल म्हणून तेही राहून जाते. जुळे सोलापुरातून नवी पेठेकडे निघालेला गृहस्थ मग गमावलेला वेळ रस्त्यावर वसूल करू पाहतो.

या वसुलीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. सहा किलोमीटरचे अंतर ताशी ३० किलोमीटर गतीने १२ मिनिटांत संपते, ताशी ४० किलोमीटर गतीने ९ मिनिटांत. लाभ होतो तो ३ मिनिटांचा, आणि तोही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तरच. खर्चाची बाजू मात्र जड आहे. धावत्या वाहनातील ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ४० च्या गतीने धडक बसली, तर त्यामागची ऊर्जा ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोन पट असते. तीन मिनिटांसाठी एवढी जोखीम कोणताही व्यवहारी मनुष्य दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात पत्करणार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दररोजची सरासरी ४६० च्या वर जाते. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण मर्यादेबाहेरचा वेग हे नोंदले गेले. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. यांतील कित्येकांच्या घरी हेल्मेट असेलही. ते डोक्यावर नव्हते.

म्हणून सुरक्षित वाहनचालनाचा पहिला पाठ घराच्या दाराशीच गिरवावा लागतो. दारामागे एक खुंटी किल्ल्यांसाठी आणि तिच्याशेजारी दुसरी हेल्मेटसाठी असावी. घरात आल्यावर चप्पल काढण्याइतक्याच सहजपणे या दोन्ही वस्तू तेथे गेल्या पाहिजेत. वाहनाचे नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांची एक स्वतंत्र धारिका करावी. तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक कागदाची मुदत कधी संपते ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशीचे दप्तर, डबा व कागदपत्रे रात्रीच दाराजवळ ठेवली, की सकाळची दहा मिनिटे आपोआप हाती येतात.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. पाच समितींपैकी ईर्या समिती पुढची चार हात भूमी पाहून चालण्यास सांगते; आदान-निक्षेपण समिती प्रत्येक वस्तू पाहून उचलण्यास व पाहून ठेवण्यास सांगते. हे नियम मुनींसाठी आहेत. तथापि त्यांचा आशय गृहस्थालाही उपकारक आहे. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. ताशी ६० किलोमीटर गतीचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. भ्रमणध्वनीवरील संदेश वाचण्यासाठी तीन सेकंद नजर खाली गेली, तर ५० मीटर अंतर न पाहता कापले जाते. तेवढ्या अंतरात कोणाचे मूल रस्त्यावर उतरले असेल, हे त्या चालकाला ठाऊक नसते.

वस्तू पाहून ठेवण्याचा नियम वाहनाच्या आतही लागू होतो. चालकाच्या पायाशी घरंगळणारी पाण्याची बाटली ब्रेकखाली अडकली, तर ब्रेक दाबला जात नाही. मागच्या काचेपाशी ठेवलेली छत्री किंवा डबा जोराचा ब्रेक लागताच पुढे फेकला जातो. समोरच्या काचेसमोर लोंबणाऱ्या शोभेच्या वस्तू पादचाऱ्याला झाकतात. दुचाकीच्या मागील चाकात साडीचा पदर वा ओढणी अडकून झालेल्या दुखापती आपल्याकडे नव्या नाहीत. निघण्यापूर्वी पदर खोचून घेण्यास क्षणभर पुरतो. आठवड्यातून एक दिवस वाहनातील सर्व सुट्या वस्तू बाहेर काढाव्यात आणि त्याच वेळी चाकांतील हवा तपासावी. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. कमी हवेचे चाक तापलेल्या डांबरावर लवकर दगा देते. ही तपासणी चाके थंड असताना, सकाळी करावी.

संध्याकाळच्या प्रवासाचा विचार आपल्या कुटुंबांनी वेगळा करायला हवा. अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे. सोलापुरात जूनअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सहाच्या आतच. दुकान किंवा कार्यालय सुटण्याची वेळ मात्र बारा महिने तीच राहते. त्यामुळे हिवाळ्यात घर गाठण्याची घाई वाढते आणि नेमका तोच उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. पंढरपूर, अक्कलकोट, विजापूर या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या संथ चालत असतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, परावर्तकही नसतो. मावळत्या प्रकाशात अशी ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. अहिंसेसाठी पाळायचा नियम कोणाच्या इजेचे कारण होऊ नये. हिवाळ्यात डबा बरोबर नेऊन दुकानातच भोजन उरकावे, नंतर सावकाश घरी यावे. कुंथलगिरीसारख्या तीर्थाला मोटारीने जातानाही परतीची वेळ उजेडाशी जुळवून ठरवावी. मागच्या आसनावर बसणाऱ्या आजी-आजोबांनीही पट्टा लावावा. कायद्याने तो त्यांनाही बंधनकारक आहे.

किल्लीच्या जागेचा आणखी एक पैलू आहे. ती खुंटी मोठ्यांच्या सोयीची असली, तरी किल्ली मुलांच्या स्वाधीन होता कामा नये. शिकवणीला उशीर होतो म्हणून दहावीतील मुलाच्या हाती दुचाकी देणारी घरे आपल्या आसपास आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अर्थात कायद्याची शिक्षा ही या प्रसंगातील सर्वांत लहान हानी होय. मूल शिकवणीला पंधरा मिनिटे उशिरा पोहोचले, तर एक गणित बुडते, आणि ते दुसऱ्या दिवशी समजून घेता येते.

घरातल्या वाटाही रस्त्याइतक्याच मोकळ्या असाव्यात. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे घरोघरी पिंपे, बादल्या, हंडे भरलेले असतात. ते न्हाणीघराच्या वाटेवर ठेवले, की रात्री उठणाऱ्या वृद्धांना ठेच लागते किंवा सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरतो. साठा भिंतीलगत, झाकलेला असावा आणि आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. यामुळे डासांची पैदासही थांबते. जिन्याच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रांची रद्दी वा चपला ठेवू नयेत. माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या चादरींपैकी वापराच्या तेवढ्या ठेवून बाकीच्या थंडीपूर्वी गरजूंना दिल्या, तर घरही मोकळे होते आणि दानही घडते.

हे सारे एकट्या गृहिणीवर सोपवले, तर महिनाभरही टिकत नाही. रात्री झोपण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने दहा मिनिटे द्यावीत. आपापल्या वस्तू जागेवर ठेवाव्यात, उद्याच्या वस्तू दाराशी आणाव्यात, वाटेतल्या वस्तू उचलाव्यात. आरंभ किल्लीपासून करावा. सकाळी ती हाताशी लागली, की हेल्मेट घालायला वेळ उरतो. आणि घरातून शांतपणे निघालेल्या माणसाला सात रस्त्याच्या चौकात पिवळा दिवा पाहून थांबणे जड जात नाही.