आधी कानाला हात, मग पहिला नंबर!

लांब पोस्ट आहे. चहा घेऊन बसा. शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, पण पूर्ण वाचून घाला.

गेल्या रविवारी आपल्या पुण्यातल्या एका कॅफेत 'क्लासिक रॉक नाइट' झाली. (कॅफेचं नाव घेत नाही, तो आजचा विषय नाही.) चार पोरं वाजवत होती. झेपेलिन, फ्लॉइड, डीप पर्पल, बीटल्स, क्वीन, सगळं झालं. प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी ठेवलेली: 'सर्वश्रेष्ठ बँड कोणता? टिक करा.' निकाल लागला, पिंक फ्लॉइड जिंकले, आणि तिथून जे भांडण पेटलंय ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून चालू आहे. झेपेलिनवाले म्हणतात फ्लॉइड म्हणजे झोपेची गोळी. फ्लॉइडवाले म्हणतात झेपेलिन म्हणजे नुसता आरडाओरडा. बीटल्सवाले एक ज्येष्ठ काका रागावून ग्रुप सोडून गेले. पुण्यात मिसळीवरूनसुद्धा इतकं भांडण होत नाही.

निघताना बाहेर लावलेलं पोस्टर पुन्हा एकदा पाहिलं. पाच बँडची नावं मोठ्या अक्षरांत. खाली बर्गरचा फोटो. त्याखाली पार्किंगची सूचना. जी चार पोरं तीन तास घाम गाळून वाजवत होती त्यांचं नाव कुठेच नाही. बेस वाजवणारा मुलगा वायरी गुंडाळत होता, त्याला विचारलं, "तुमचं नाव का नाही रे पोस्टरवर?" तो हसला. म्हणाला, "काका, आम्ही म्हणजे 'लाइव्ह म्युझिक'. कोपऱ्यात लिहिलंय बघा."

लिहिलेलं होतं खरं. दोन शब्द. बर्गरच्या शेजारी.

त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली, म्हणून ही पोस्ट.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे नंतर 'तू कुठल्या पार्टीचा' असं कुणी विचारायला नको. मी कॉलेजपासून झेपेलिनवाला. मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला. म्हणजे आज जे बोलणार आहे ते आधी माझ्याच घरावर दगड मारून बोलणार आहे.

आपण 'सर्वश्रेष्ठ' ठरवताना काय काय मोजतो? किती रेकॉर्ड खपल्या. गिटारचा सोलो किती मिनिटांचा. कुणाचा ड्रमर भारी. एक गोष्ट कुणीच मोजत नाही: गाण्याखाली नाव कुणाचं लावलं, आणि ते खरं होतं का.

झेपेलिनचं 'होल लॉटा लव्ह' घ्या. 1969 चं, दुसऱ्या अल्बममधलं पहिलंच गाणं. रिफ जिमी पेजची, त्याबद्दल वाद नाही. पण शब्दांचा मोठा भाग विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'मधून आलेला. हे गाणं मडी वॉटर्सने 1962 मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी गायलं होतं. डिक्सन मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत राबलेला काळा गीतकार आणि बेस वादक. झेपेलिनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. 1985 मध्ये त्याने दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि आज त्या गाण्याखाली त्याचं नाव आहे. म्हणजे नाव लागायला अठरा वर्षं आणि एक वकील लागला.

आता झेपेलिनवाले मित्र म्हणतील, तेव्हाची पद्धतच तशी होती. नव्हती! त्याच झेपेलिनने 1971 मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' केलं. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, 1929 चं. तिथे मेम्फिस मिनीचं नाव बँडच्या नावांसोबत लावलेलं आहे. म्हणजे जमत होतं. जिथे लावलं नाही तिथे लावलं नाही, एवढंच.

उलट बाजूही बघा. क्रीम या बँडने 1966 मध्ये स्किप जेम्स नावाच्या जुन्या ब्लूज गायकाचं 'आय'म सो ग्लॅड' केलं आणि त्याखाली नाव त्याचंच ठेवलं. स्किप जेम्स तेव्हा म्हातारा, कॅन्सरने ग्रासलेला, खिशात दमडी नाही. त्या गाण्याची रॉयल्टी त्याला मिळाली आणि उपचारांच्या कामी आली. 1969 मध्ये तो गेला. पण जाण्याआधी आपल्या गाण्याचे पैसे त्याने आपल्या हातात घेतले. का? कारण खाली दोन शब्द छापले होते: स्किप जेम्स.

म्हणून सांगतो, नाव म्हणजे नुसता मान नव्हे. नाव म्हणजे दवाखान्याचं बिल. नाव म्हणजे म्हातारपण.

फ्लॉइडवाल्यांनो, हसू नका. तुमच्याकडेही येतोय.

'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे ना? तो बाईचा आवाज, शब्द नाहीत, नुसती आर्तता, ऐकताना अंगावर काटा येतो तो? ती क्लेअर टोरी. जानेवारी 1973 मध्ये एका रविवारी तिला स्टुडिओत बोलावलं. रिचर्ड राइटचे कॉर्ड होते, पण त्यावर काय गायचं हे लिहिलेलं नव्हतं. ते तिने तिथल्या तिथे रचलं. मानधन मिळालं 30 पौंड, रविवारचा दुप्पट दर धरून. गायिका म्हणून रेकॉर्डवर तिचं नाव होतं, पण रचनाकार म्हणून फक्त राइट. रेकॉर्ड कोट्यवधींनी खपली. 2004 मध्ये तिने दावा केला, 2005 मध्ये कोर्टाबाहेर मिटलं, आणि आता राइटसोबत तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षं!

डीप पर्पलवाले? 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या एका गाण्यावरून घेतली, हे खुद्द इयन गिलनने मान्य केलंय. त्या मूळ गाण्याचं नाव माहितीये? 'बॉम्बे कॉलिंग'. आपल्यापैकी किती जणांनी ते एकदा तरी ऐकलंय?

आणि बीटल्स. 1966 च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये 'लव्ह यू टू' या गाण्यावर तबला आहे, आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला वाजवणाऱ्याचं नाव छापलंय: अनिल भागवत. शाब्बास! पण पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' आला. त्यात जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू', ज्यावर दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवणारे लंडनमधले भारतीय वादक होते. त्या जगप्रसिद्ध कव्हरवर मेरिलिन मन्‍रोपासून कार्ल मार्क्सपर्यंत सगळ्यांचे चेहरे आहेत. वाजवणाऱ्या या वादकांची नावं मात्र नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कनसारा, नटवर सोनी ही नावं लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढली 2017 मध्ये. पन्नास वर्षांनी.

आमच्या झेपेलिनचा मुंबईचा हिशेब तर राहिलाच. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती टेप अधिकृतपणे बाहेर आली थेट 2015 मध्ये. गाण्याच्या नावापुढे कंसात काय लिहिलंय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. ते वाचलं आणि मला कॅफेच्या पोस्टरवरचं 'लाइव्ह म्युझिक' आठवलं.

आता तुमचे आक्षेप. ग्रुपवर दोन दिवस ऐकतोय, त्यामुळे पाठ झालेत.

पहिला: "संगीत असंच पुढे जातं, सगळेच एकमेकांचं घेतात." शंभर टक्के मान्य. ब्लूज तर देवाणघेवाणीवरच वाढलं. माझं भांडण घेण्याशी नाहीच. घेऊन स्वतःच्या नावावर सातबारा चढवण्याशी आहे.

दुसरा: "मग काय, झेपेलिन चोर?" नाही. 'स्टेअरवे टू हेवन'वरही खटला झाला होता. 2016 मध्ये ज्यूरीने झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, 2020 मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला. मीही तो मानतो. जिथे त्यांचं आहे तिथे त्यांचंच आहे. जॉन बोनहॅमचा ड्रम कुणाकडून उसना आणता येतो का हो? पण एका गाण्यात खरे ठरले म्हणून दुसऱ्या गाण्यातली उधारी माफ होत नाही.

तिसरा, आणि हा सगळ्यात लाडका: "आपल्याला काय करायचंय? गाणं ऐकावं आणि मजा करावी." करा की! पण मग 'सर्वश्रेष्ठ' ठरवायला बसू नका. एकदा नंबर लावायला बसलात की तुम्ही परीक्षक झालात. आणि पेपर कुणी लिहिलाय हे न बघता मार्क देणारा परीक्षक आपल्याला आपल्या पोरांच्या शाळेत चालेल का?

आपल्याकडे एक साधी रीत आहे. गवई गुरूचं नाव घेताना हात कानाच्या पाळीला लावतो. मैफल केवढीही मोठी असो, समोर कुणीही बसलेलं असो, बंदिश कुणाकडून मिळाली ते सांगताना हात आपोआप वर जातो. अर्ध्या सेकंदाचं काम. त्याने गवई लहान होत नाही, उलट त्याचं गाणं कुठून आलं ते कळतं. माझं म्हणणं इतकंच, की रॉक बँडलाही हीच फूटपट्टी लावा. रोलिंग स्टोन्स 1965 मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर गेले तेव्हा त्यांनी आग्रह धरून हाउलिंग वुल्फला सोबत बोलावलं आणि तो गाताना त्याच्या पायाशी बसले. हा झाला कानाला हात. त्याच स्टोन्सनी 1968 मध्ये रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्सचं 'प्रॉडिगल सन' सुरुवातीला जॅगर-रिचर्ड्‌सच्या नावावर छापलं. तो हात खाली. दोन्ही लिहा, मग मार्क द्या.

पण ही फूटपट्टी फक्त गोऱ्यांना लावून चालणार नाही, नाहीतर आपण नुसतेच मिरवणार. 'फ्रेडी मर्क्युरी आपला, पाचगणीत शिकलेला' हे आपण छाती फुगवून सांगतो. सांगा, खरंच आहे ते. शाळेतला त्याचा 'हेक्टिक्स' बँडही खरा. पण त्याच्या क्वीनने 1989 च्या 'द मिरॅकल'पासून सगळ्या गाण्यांखाली चौघांचं मिळून एकच नाव लावायला सुरुवात केली, 'हे माझं, ते तुझं' मिटवलं, ही गोष्ट किती जण सांगतात?

आणि आपली हिंदी सिनेमाची गाणी? शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा यांनी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचं नाव घातलं. तोही कानाला हातच! पण आपण त्या गाण्यावर नाचलो आणि ते खरं माणूस आहे हे आपल्याला कळलंच नाही.

आता आपल्या गावात या. चौकातला कुठल्याही सांस्कृतिक महोत्सवाचा फ्लेक्स बघा. भावी नगरसेवक, त्यांचे मार्गदर्शक, मार्गदर्शकांचे मार्गदर्शक, सगळ्यांचे फोटो रांगेत. गाणाऱ्याचं नाव असलं तर असतं. तबला, ढोलकी, की-बोर्ड, गिटार वाजवणारे? 'आणि सहकारी'.

2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम 38-बी वाचा. सादर करणाऱ्या कलाकाराला, 'हे सादरीकरण माझं आहे' अशी ओळख मिळण्याचा हक्क कायद्याने मानलाय. सादरीकरणाच्या स्वरूपामुळेच नाव देता येत नसेल, तर तेवढाच अपवाद. पोस्टरवर बर्गर मावतो तिथे चार नावं मावत नाहीत, हा अपवाद कुठल्याच कायद्यात नाही.

म्हणून माझी मागणी तीन ओळींची. कॅफेवाल्यांनो, मंडळवाल्यांनो, महोत्सववाल्यांनो: वाजवणाऱ्यांची नावं पोस्टरवर छापा, सगळ्यांची. आपण प्रेक्षकांनी: कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकताना 'काय माहौल होता!' लिहिण्याआधी वाजवणाऱ्यांना नाव विचारा आणि ते लिहा. आणि ग्रुपवरच्या भांडखोरांनी: 'सर्वश्रेष्ठ' म्हणण्याआधी त्या गाण्याखालची बारीक अक्षरं एकदा वाचा.

तरी विचारालच, मग तुझा पहिला नंबर कुणाचा? झेपेलिनचाच. अजूनही. पण आता 'होल लॉटा लव्ह' लावलं की आधी मडी वॉटर्सचं 'यू नीड लव्ह' लावतो. दोन-अडीच मिनिटं जास्त लागतात. तेवढा वेळ आहे माझ्याकडे.

त्या रविवारच्या चौघा पोरांना विचारून, त्यांची परवानगी मिळाली की त्यांची नावं पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. भांडायला येणाऱ्यांनी आधी ती वाचावीत. मग या, मी आहेच इथे.