पोर दुसऱ्याचं असलं म्हणून?

‘चौकीत नेऊन दोन दणके द्या, येईल वठणीवर!’ गल्लीतल्या पोरानं सायकल पळवली, मोबाईल लांबवला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलण्यात आपण बायकाही मागे नसतो बरं का! पोर दुसऱ्याचं असतं ना.

त्याची आई मात्र भेदरून जाते. कुणाकुणाच्या पाया पडते, वेळप्रसंगी मंगळसूत्र गहाण टाकते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं, की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलंच, तर २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. या मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी बाई. साध्या चोरीसाठी एफआयआर नको, डायरीत नोंद करून घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्या, असं २०१६ चे नियम सांगतात. मग मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, आईबापांकडून चांगल्या वागणुकीची हमी घेऊ शकतं. रिमांड होमशिवायही वाटा आहेत त्या अशा.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला. सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपण सगळ्याच भडकलो. रास्तच होतं ते. पण तो राग सायकल चोरणाऱ्या पोरावर काढायचा? मरणाचा गुन्हा आणि सायकलची चोरी एका मापानं कशी मोजायची?

‘अन् जिचा हप्त्यावर घेतलेला मोबाईल गेला, तिचं काय?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. पोरानं तिच्यासमोर बसावं, माफी मागावी, थोडे थोडे करून पैसे फेडावेत, हे मला दणक्यांपेक्षा कितीतरी जड वाटतं. मंडळांनी याचा आग्रह धरायला हवा.

तोवर एवढं तरी करूया. अशी वेळ शेजारणीवर आली तर तिच्याबरोबर चौकीत जा. ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?’ असं विचारा. प्रत्येक ठाण्यात तो असावाच लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. आणि हो, त्या पोराचा फोटो मोबाईलच्या ग्रुपवर फिरवू नका. त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.