सरपणाची मांडणी

वैशाख सरत आला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. धान्याला ऊन दाखविले जाते, लोणच्यांच्या बरण्या भरल्या जातात, घरे शाकारली जातात. येणाऱ्या पावसाचा एवढा विचार करणारे आपले शहाणे कुटुंब एका गोष्टीविषयी मात्र कमालीचे उदासीन असते. ती गोष्ट म्हणजे सरपण. ज्याच्यावर पावसाळाभर पाणी तापावयाचे ते लाकूड परसात उघड्या जमिनीवर पडलेले असते. फार झाले तर मृगाच्या पहिल्या सरीला कोणी तरी धावत जाऊन त्याच्यावर एखादे ताडपत्रीचे फाटके पांघरूण टाकतो, आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो.

यावर कोणी म्हणेल, "गॅसच्या या काळात सरपणाची चर्चा कशाला?" आक्षेप रास्त आहे. गॅसची शेगडी चुलीहून निःसंशय चांगली, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ती अनेक गरीब घरांत पोहोचली, हेही खरे. परंतु शेगडी आली म्हणून चूल विझली असे झालेले नाही. स्नानाचे पाणी, भाकरी, सणावारीचा मोठा स्वयंपाक यांसाठी अजूनही कित्येक घरांत लाकूडच पेटते. जोवर ते पेटते आहे, तोवर ते कोरडे असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ओल्या लाकडाने नेमके काय बिघडते, ते हिशेबानेच पाहू. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात पुष्कळदा निम्मे पाणीच असते. असे १० किलो लाकूड चुलीत घातले, तर प्रथम ५ किलो पाण्याची वाफ व्हावी लागते. १ किलो पाणी उकळीपर्यंत तापवून त्याची संपूर्ण वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे ५ किलोंना ३,०००. उरलेल्या ५ किलो शुष्क काष्ठातून मिळणार सुमारे २२,००० किलोकॅलरी. तेव्हा एकूण उष्णतेचा सातवा हिस्सा भांड्याला न लागताच निघून गेला! वखारीतून वजनावर लाकूड घेणाऱ्याने तर पाण्याचेच दाम मोजले.

पण याहून मोठी हानी धुराची. ओल्या लाकडाची आच थंड राहते, ज्वलन अपुरे होते आणि जे जळावयास हवे होते तेच धूर होऊन घरात कोंडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लक्ष माणसे मृत्यू पावली. हा धूर कोण गिळते? फुंकणी हाती घेऊन चुलीपुढे बसणारी आपली आई, आजी, वहिनी. आपण तिच्या लाल झालेल्या डोळ्यांची इतकी सवय करून घेतली आहे की त्यात कोणाचा काही दोष आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आणि उपाय तरी किती सोपा! जमिनीपासून वीतभर उंचीवर दगडांच्या उथळ्यांवर दोन लांब वासे आडवे टाकावेत. चार कोपऱ्यांस चार खांब उभे करावेत. मागील दोन किंचित आखूड ठेवले की छपराला आपोआप उतार मिळतो. वर पत्रा घालावा व तो चोहोबाजूंनी हातभर बाहेर काढावा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तेवढ्या बाजूला झापांचा आडोसा करावा. बाकीच्या बाजू मोकळ्याच राहू द्याव्यात. सगळा ढीग प्लॅस्टिकने गुंडाळणे म्हणजे लाकडातली ओल आतच कोंडणे होय. पाऊस अडवावा, वारा अडवू नये, हे या मांडणीचे सारे शास्त्र आहे.

ओंडके माघ-फाल्गुनातच फोडून ठेवावेत. सालीतून पाणी सहजी बाहेर पडत नाही. फोडलेली ढलपी म्हणूनच लवकर वाळते. चैत्र-वैशाखाचे ऊन तिला मिळाले की निम्मे काम झाले. रचताना टोकांना एक थर उभा, एक आडवा असा चौकटीसारखा द्यावा, म्हणजे रास ढासळत नाही. ती छातीहून उंच नसावी, कारण भोवती लहान मुले खेळत असतात. घराच्या भिंतीला चिकटूनही नसावी, कारण वाळवी, विंचू आणि आग या तिघांनाही ती वाट ठरते.

हे काम कोणी करावे? माझे स्पष्ट मत आहे की ते घरातील मुलग्यांनी करावे. सरपण आणणे, फुंकणे आणि धूर सोसणे हे सारे बायकांच्या वाट्याला, आणि त्यावर चहा उशिरा झाल्याची तक्रार तेवढी पुरुषांची, ही वाटणी न्यायाची नव्हे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण त्यावर निबंध लिहितो, गुणही मिळवितो. परंतु आठ फूट लांब, दोन फूट रुंद व चार फूट उंच मांडणीत किती घनफूट लाकूड मावेल, हे गणित वहीत सोडविणाऱ्या विद्यार्थ्याने ती मांडणी परसात कधी उभी केली आहे काय?

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. जुने वासे, चार दगड, एखादा जुना पत्रा आणि सुट्टीतील दोन दिवस पुरेत. येत्या उन्हाळ्यात, रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, ज्या घरी चूल पेटते त्या घरच्या मुलाने एवढे करावे. श्रावणातल्या एखाद्या सकाळी आईला फुंकणी न उचलताच चूल पेटविता आली, तर त्या दोन दिवसांच्या श्रमाचे चीज झाले असे समजावे.