वंशावळीत तिचंही नाव

मैत्रिणींनो, वंशावळ काढताना सात पिढ्यांचे पुरुष सापडतात. पणजीचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. मृत्यूच्या जुन्या नोंदीत ते मिळू शकतं. ही नोंद राहत्या गावी नव्हे, मरण आलं त्या गावी होते. बाळंतपणात माहेरीच वारली असेल, तर माहेरच्या ग्रामपंचायतीत अर्ज द्या. तिच्या नवऱ्याचं, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल लिहा. तिथे नसेल, तर तहसील कचेरीत जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहायला मागा. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ चा; त्याआधी परतूर परभणीत, अंबड-भोकरदन औरंगाबादेत. जुना जिल्हाही अर्जात लिहावा. १९४८ पूर्वीचे निजामी कागद बहुधा उर्दूत. वाचणारं कुणी सोबत न्या. नक्कल हाती आली की ते नाव आधी लेकींना सांगा.