जुनी अवजारे, नवी घडण आणि मालकी

फाइलींची यादी करणे, नक्कल काढणे, मजकूर क्रमवार लावणे, तारीख सांगणे ही कामे संगणकात शंभराच्या आसपास छोटे प्रोग्रॅम निमूटपणे करीत असतात, याची जाणीव फार थोड्यांना असते. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत ही अवजारे ग्नू प्रकल्पाची, सी भाषेत लिहिलेली आणि काही दशकांच्या वापराने घासून गुळगुळीत झालेली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उबंटूच्या २५.१० या आवृत्तीत मात्र त्यांच्या जागी रस्ट या नव्या भाषेतील संच आला.

बदलामागचे कारण पोकळ नाही. सी भाषेत स्मृतीचा हिशेब लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो. तो चुकला की परक्याला आत शिरण्यास वाट मिळते. रस्टमध्ये अशा बहुतेक चुका प्रोग्रॅम तयार होतानाच अडविल्या जातात. शिवाय पुनर्लेखन हा काही अधर्म नव्हे. खुद्द यूनिक्सच १९७३ साली सी भाषेत नव्याने लिहिली गेली. परंतु जुन्या प्रोग्रॅममधील एखाद्या विचित्र ओळीमागे कोणाची तरी कधीकाळची अडचण असते, आणि ती ओळ वाचून कळत नाही. नव्या अवजाराला फाइलीची तारीख विचारली असता ते चालू घडीचीच तारीख सांगू लागले. परिणामी काही यंत्रांवर दुरुस्त्यांची आपोआप होणारी तपासणीच बंद पडली. सुरक्षिततेसाठी केलेला बदल सुरक्षिततेच्याच आड आला! दोष त्याच महिन्यात दूर झाला, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि याहून गंभीर प्रश्न परवान्याचा आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. ग्नूच्या परवान्यानुसार, जो प्रोग्रॅम सुधारून इतरांना देईल त्याने सुधारलेली मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. नव्या संचाच्या एमआयटी परवान्यात हे बंधन नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला हा भेद नवा वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा नवलाई यंत्रांची नव्हती. ऊस गाळणारा खासगी कारखाना हरेगावला त्यापूर्वीच होता. नवा होता तो मालकीचा नियम. पुढे राज्यातील कित्येक सहकारी कारखाने खासगी हातांत गेले. यंत्रे तीच राहिली, ऊसही तोच, सभासदाचा हक्क मात्र उरला नाही.

नव्या संचाच्या कर्त्यांचा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. जे एकदा खुले झाले ते खुलेच राहील, हा त्यांचा युक्तिवादही खरा आहे. पण त्यावर पुढे जी भर पडेल ती परत सामाईक कोठारात येईलच, याची हमी तो देत नाही. सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी अशी प्रणाली स्वीकारताना वेगाइतकीच परवान्याचीही चौकशी केली पाहिजे. जुना संच आजही उपलब्ध आहे, आणि नव्याची परीक्षा ग्नूच्याच चाचण्यांवर घेतली जाते. त्या चाचण्या कोणत्याही विद्यार्थ्याला चालवून पाहता येतात.